यंत्राचे पाठांतर

श्रोतेहो, मुलाला पाढे पाठ असतात, तशा यंत्रालाही हालचाली पाठ करून देता येतात. सर्वो नावाची मोटर सांगितलेल्या कोनाशी जाऊन थांबते. तिचा नियंत्रक तिला सेकंदाला साधारण ५० विजेचे ठोके देतो. ठोका सेकंदाच्या हजारांशाच्या दीडपट टिकला, की दांडी मध्यावर येते; एकपट टिकला तर एका बाजूला जाते, दुप्पट टिकला तर दुसऱ्या.

दांडी कुठे न्यायची, किती वेगाने, तिथे किती थांबायचे, या पायऱ्या ओळीने लिहून नियंत्रकात साठवतात. त्याची स्मृती दोन प्रकारची. एकीतले वीज गेली की पुसते, दुसरीतले टिकते.

गोम आहे ती इथेच. वीज येताच पाठ सुरू व्हावा, अशीही योजना करता येते. समजा, शाळेत वीज गेली. अडकलेली दांडी सोडवायला मुलाने हात घातला, आणि तेवढ्यात वीज आली! यंत्राला पाठ आहे. पण डोळे नाहीत.

म्हणून, गुरुजनहो, पाठाची पहिली पायरी ‘बटण दाबीपर्यंत थांब’ हीच ठेवा. आणि हात घालण्यापूर्वी मोटरीची वीज तोडायची, हे मुलांकडूनही पाठ करून घ्या.