प्रौढांचे शिक्षण आणि आपला गोतावळा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करण्याचा आपला परिपाठ जुना व स्तुत्य आहे. परंतु आज मी, टाळ्या वाजविण्यासाठी येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांच्या शिक्षणाविषयी दोन शब्द बोलणार आहे.

प्रौढांनी शिकावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि संसार सांभाळून पदवी घेण्याची वाट खुली झाली. आज तर मराठी विश्वकोश खिशातल्या मोबाईलवर विनामूल्य वाचता येतो. साधनांची उणीव नाही. उणीव आहे ती शेजारी बसून शिकविणाऱ्याची.

माझाच अनुभव सांगतो. आम्हां सेवानिवृत्तांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून तो मोबाईलसमोर चेहरा धरून घरबसल्या देता येतो. पहिल्या खेपेस नातवाने माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि क्षणात काम उरकले. काम झाले, मी मात्र होतो तेथेच राहिलो. पुढे तो शिक्षणासाठी परगावी गेला, तेव्हा स्वतःची हयाती सिद्ध करण्यासाठी मला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले. विचारण्याचीही लाज वाटे. अखेर मंडळातील एका भगिनीने हे ओळखले. त्यांनी मोबाईल माझ्याच हाती ठेवला, एकेक पायरी वहीत लिहावयास लावली आणि मी चुकलो तेव्हा त्या हसल्या नाहीत. तीन रविवारांत मी शिकलो. दिवाळीत थोरली बहीण आली, तेव्हा तीच वही पुढे ठेवून मी तिला शिकविले. आता तिला काही अडले की ती मला व्हिडिओवर विचारते.

बंधुभगिनींनो, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. पोलीस किंवा बँकेचे अधिकारी असल्याची बतावणी करून वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुबाडणारे लोक आज घरोघरी फोन करीत आहेत. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. ओटीपी कोणालाही सांगावयाचा नसतो. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावयाचे असते. एवढे ज्ञान पुष्कळ आहे; परंतु ऐन वेळी ज्याला विचारण्यासारखे माणूस नाही, तो भीतीने एकटा पडतो आणि फसतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या ज्ञातिसूचीत नाव, गाव, व्यवसाय असे रकाने असतात. त्यांत आणखी दोन घालावेत : ‘काय शिकवू शकतो’ आणि ‘काय शिकावयाचे आहे’. दुसरा रकाना भरताना वडीलधाऱ्यांनी संकोच करू नये. मी स्वतः तो प्रथम भरीन. तरुणांना एवढेच सांगणे की, वडिलांचे काम करून देऊ नका, त्यांना ते करू द्या. थोडा वेळ लागेल, तो लागू द्या. आणि ही विद्या ज्ञातीच्या उंबरठ्याशी अडवू नका. शेजारी व घरी कामास येणारी बाई यांनाही तिचा तितकाच हक्क आहे.