कचेरीतला पाऊण तास



मी चित्रकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी नोकरी हिशेब खात्यातली. मार्च महिना आला की आमच्या कचेरीत माणसे एकमेकांवर खेकसू लागतात. त्यावर उपाय म्हणून शुक्रवारी काम संपल्यावर पाऊण तास चित्रे काढत बसावे, अशी कल्पना मी मांडली आणि साहेबांनी ती मान्यही केली.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. जलरंग आणले, टेबलावर फुलदाणी ठेवली आणि उत्कृष्ट चित्राला बक्षीस जाहीर केले! १४ जण बसले. पुढच्या शुक्रवारी ५ उरले. आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना न येण्याचे कारण विचारले. ते म्हणाले, "साहेब, पाचवीत असताना मास्तरांनी माझी चित्राची वही वर्गभर फिरवली होती. सगळे हसले. आता या वयात पुन्हा नको."

बक्षीस त्याच दिवशी रद्द केले. फुलदाणीही घरी नेली. हुबेहूब काढायचे म्हटले की नवशिक्याचा हात थरथरतो.

त्याऐवजी वारली चित्रे घेतली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणसाचे धड होते; वर गोल डोके, रेघांचे हातपाय. हे न जमणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. परंतु सोपी आहे म्हणून ही कला हलकी समजू नये. डहाणू-तलासरीकडच्या वारली स्त्रिया लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहीत आल्या. गंजाडच्या जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही कला कोणाची, हे दोन मिनिटे सांगितल्याशिवाय मी कागद वाटीत नाही.

सामान अगदी थोडे लागते: खाकी कागद, पांढऱ्या पोस्टर कलरची एक बाटली आणि टोक ठेचलेल्या काड्या. खोडरबर मुद्दाम ठेवत नाही, नाहीतर पाऊण तास खोडण्यातच जातो. पहिली दहा मिनिटे नुसते त्रिकोण काढायचे. त्यानंतर ज्याला जे सुचेल ते.

नियम एकच, आणि तो पाळून घेणे हेच खरे कठीण काम. दुसऱ्याच्या कागदावर मत द्यायचे नाही. "छान" सुद्धा म्हणायचे नाही, कारण एकाला छान म्हटले की शेजारचा आपला कागद झाकतो. एकदा एक वरिष्ठ अधिकारी सवयीने मागे हात बांधून टेबलामागून फिरू लागले. सगळ्यांच्या काड्या थांबल्या. मी त्यांच्या हातात कागद दिला आणि म्हटले, "साहेब, आपणही बसा." ते बसले. नसते बसले तर उपक्रम तिथेच संपला असता, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ साली ३९ प्रौढांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४५ मिनिटे चित्र, माती, चिकटकाम केल्यावर सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, कमी झाले. पूर्वी चित्रकला केलेली असो वा नसो. अभ्यास लहान आहे, आणि उरलेल्यांचे कमी झाले नाही हेही ध्यानात घ्यावे. म्हणून कोणाला जबरदस्तीने बसवू नये. आमच्याकडे दोघे नुसता चहा घेऊन खिडकीशी बसतात. बसू द्यावे.

मामा चौथ्या शुक्रवारी आले. त्यांनी एक विहीर काढली, रहाट काढला, डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या बायका काढल्या. रोखपाल बाईंनी विचारले, "मामा, ही विहीर कुठली?" मामा गावाविषयी बोलू लागले ते साडेसहा वाजेपर्यंत. १२ वर्षे ते आमच्या टेबलावर चहा ठेवीत होते. त्यांचे गाव कोणते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.