साडीची झोळी, मोठ्यांसाठी

ठाणे-डोंबिवलीहून माहुलीला किंवा मलंगगडाला निघताना बाजारातून महागडी हॅमॉक आणायलाच हवी, असं काही नाही. ज्या सुती साडीच्या झोळीत आपल्याकडे तान्ही बाळं झोपतात, तीच मोठ्या माणसालाही पेलते. साडी साधारण साडेपाच मीटर. दुहेरी घडी घातली की पावणेतीन मीटरची दुपदरी झोळी झाली. दोन्ही टोकांना बारीक निऱ्या घालायच्या, वीतभर टोक उलटं दुमडायचं आणि त्या जाड गठ्ठ्यावर दोरीचा फास आवळायचा. शिवणच नाही, मग उसवणार काय?

साडी फाटेल, हा आक्षेप रास्त आहे. विरलेली, केवळ मायेपोटी जपलेली साडी नकोच. पण बऱ्याचदा दोष कापडाचा नसतो, ताणाचा असतो. दोरीचा जमिनीशी 30 अंशांचा कोन असेल, तर 60 किलोच्या माणसामुळे प्रत्येक टोकावर 60 किलोंचाच ताण येतो. तीच दोरी ताठ ओढून कोन 15 अंशांवर आणला, की ताण 116 किलोंच्या घरात जातो. म्हणून झोळी सैल हवी, आणि अंग किंचित तिरकं टाकावं; पाठ सरळ राहते. झाडाचं काय? बारीक दोरी सालीत रुतते, तेव्हा मध्ये गोणपाट घाला. बैठक गुडघ्याइतक्या उंचीवर ठेवा, पडलात तरी हसण्यावारी जाईल. येऊरच्या जंगलात मात्र मुक्कामाचा बेत नको. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे, आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे.