विमा नसलेले वाहन आणि आपली भरपाई



आदिलाबादहून पैनगंगेच्या पुलाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर कापसाच्या हंगामात मालमोटारी, ट्रॅक्टर व दुचाकी यांची एकच दाटी होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला असला, तरी मुदत संपलेली वाहने रस्त्यावर धावतातच.

अशा वाहनाने धडक दिल्यास न्यायाधिकरण मालकाविरुद्ध निवाडा देते. परंतु विम्याचा हप्ता ज्याने भरला नाही, त्याच्याकडून लाखोंची वसुली व्हावी कशी? धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेनुसार मृत्यूस 2 लाख व गंभीर दुखापतीस 50 हजार रुपये मिळतात. वाहन सापडले पण विमा नाही, अशा वेळी मात्र ती लागू नाही. खरी अडचण इथेच आहे.

यास्तव स्वतःचा विमा हवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वयाच्या खातेदारास वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी 2 लाखांचे, तर एक हात, पाय वा डोळा कायमचा निकामी झाल्यास 1 लाखाचे संरक्षण मिळते. धडक कोणाची, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. इस्पितळाचा खर्च त्यात येत नाही, हेही ध्यानात असावे. ट्रॉलीत बसून वेचणीस जाणाऱ्या मजुरांनी तर हा विमा अवश्य उतरवावा, कारण मालवाहू ट्रॉलीतील माणसांची जबाबदारी विमा कंपन्या सहसा नाकारतात.

हप्ता मेअखेरीस खात्यातून वळता होतो, तेव्हा तेवढी शिल्लक ठेवावी. वारसाचे नाव नोंदले आहे की नाही, हे बँकेत विचारून घ्यावे.