इंजिनाचा वजनगट

कोल्हापुरात जोड लावणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. खासबागेच्या तांबड्या मातीत सत्तावन्न किलोच्या गड्यासमोर नव्वद किलोचा गडी उभा केला, तर त्या कुस्तीत पाहण्यासारखे काही उरत नाही. म्हणून वस्ताद मंडळी आधी जोड पाहतात, मगच कुस्ती ठरवतात. मोटारींच्या शर्यतीतही अशीच जोड पाहावी लागते. फरक इतकाच की तिथे माणसाऐवजी इंजिन तोलतात.

मी अर्थशास्त्राचा मास्तर. स्पॅनर हाती धरण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्या वर्गात उद्यमनगरातला एक मुलगा आहे. त्याचे वडील जुन्या इंजिनांचे ब्लॉक बोअर करून देतात. एके दिवशी तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाचे एवढाले नियम करतात, तरी पुढं पैसेवालाच. मग नियम कशाला?" मी म्हटले, "उद्या सांगतो." मास्तरांच्या 'उद्या'चा अर्थ तुम्ही जाणताच! ते राहिलेले उत्तर आज तुमच्यासमोर देतो.

जागतिक अजिंक्यपदाची ही मालिका १९५० साली सुरू झाली. तेव्हाचा नियम साधा होता. हवा दाबून भरणारे, म्हणजे सुपरचार्जरचे इंजिन असेल तर ते दीड लिटरचे असावे. तसे नसेल तर साडेचार लिटरपर्यंत चालेल. इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीने लहान पण दाबाचे इंजिन घेतले आणि १९५० व १९५१ ही दोन्ही वर्षे तिच्याच चालकांनी अजिंक्यपद मिळवले. मात्र या पैलवानाचा खुराक भारी होता. इंधन भरण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा थांबावे लागे. फेरारीने मोठे, पण बेताने इंधन पिणारे इंजिन केले आणि १९५१ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला अल्फाला हरवले. नियम दोघांना एकच. पण वाचणाऱ्यांनी तो दोन तऱ्हांनी वाचला.

त्या मोसमानंतर अल्फाने आखाडा सोडला. फेरारीशी लढायला तोलामोलाचे कोणी उरले नाही, म्हणून पुढची दोन वर्षे दोन लिटरच्या लहान इंजिनांवर शर्यती घ्यायचे ठरले. हेतू हा की पुष्कळ लोक उतरावेत. झाले काय? त्या गटातही उत्तम तयारीचे इंजिन फेरारीकडेच होते. १९५२ साली अजिंक्यपदाच्या युरोपातील सातही शर्यती तिनेच मारल्या. १९६१ साली पुन्हा तेच. मर्यादा दीड लिटरवर आली, तेव्हा इंग्लंडमधले कारखानदार नव्या नियमाविरुद्ध तक्रारी करीत बसले आणि फेरारी निमूटपणे इंजिन घडवीत बसली. अजिंक्यपद कोणाकडे गेले, हे सांगायला नकोच.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, त्या मुलाचेच खरे. पण थांबा. १९६६ साली मर्यादा एकदम तीन लिटरवर नेली. मोठमोठ्या कारखान्यांनी बारा-बारा, सोळा-सोळा सिलिंडरांची अवघड इंजिने हाती घेतली. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबम मात्र आपल्याकडच्या रेप्को नावाच्या, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीकडे गेला. त्यांनी अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल मोटारीचा अॅल्युमिनियमचा ब्लॉक घेतला आणि त्यावर साधे आठ सिलिंडरांचे इंजिन उभे केले. ताकदीने ते इतरांपेक्षा कमी. पण हलके, भरवशाचे आणि मुख्य म्हणजे वेळेवर तयार! त्यावर ब्रॅबमने लागोपाठ चार शर्यती जिंकल्या आणि स्वतःचे नाव असलेल्या गाडीत अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला चालक ठरला. उद्यमनगरातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. दुसऱ्याचा ब्लॉक घेऊन आपले इंजिन उभे करणे ही तर आपल्याकडची रोजची विद्या.

त्याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षी घडली. फोर्ड कंपनीने एक लाख पौंड दिले आणि इंग्लंडमधील कॉसवर्थ या लहान कंपनीच्या कीथ डकवर्थने डी.एफ.व्ही. हे इंजिन केले. जून १९६७ मध्ये हॉलंडच्या शर्यतीत ते प्रथम धावले आणि जिम क्लार्कच्या लोटस गाडीत पहिल्याच दिवशी जिंकले. महत्त्वाचे ते यापुढेच. १९६८ पासून हे इंजिन इतर संघांनाही विकत मिळू लागले. केन टिरेल हा लाकडाचा व्यापारी. त्याच्या संघाचा कारखाना म्हणजे वखारीतली एक शेड. त्या शेडमधून निघालेल्या गाडीने १९७१ चे अजिंक्यपद जिंकले. १९८३ पर्यंत या इंजिनाच्या घराण्याने १५५ शर्यती जिंकल्या. लहान संघांना जे बळ लिटरच्या नियमाने मिळाले नव्हते, ते विकत मिळणाऱ्या चांगल्या इंजिनाने दिले.

तरीही इंजिन सारखे म्हणजे संघ सारखे, असे मात्र नव्हे. २०१४ साली १.६ लिटरचे सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन आणि जोडीला विजेचे बळ, असा नियम आला. ताशी शंभर किलोहून जास्त इंधन इंजिनात जाऊ द्यायचे नाही, असेही बंधन पडले. मर्सिडीजचे इंजिन चार संघांकडे होते. १९ पैकी १६ शर्यती त्या इंजिनाने जिंकल्या, पण सोळाच्या सोळा मर्सिडीजच्या स्वतःच्या संघाने! इंजिन घडवणाऱ्याला गाडी त्याभोवती आखता येते. विकत घेणाऱ्याला ते आहे तसे बसवून घ्यावे लागते.

त्या चारांत आपल्या देशाचे नाव लावणारा फोर्स इंडिया हा संघही होता. विजय मल्ल्या यांचा हा संघ २००८ साली उतरला आणि पुढच्या वर्षीपासून मर्सिडीजचे इंजिन वापरू लागला. २००९ च्या ऑगस्टात बेल्जियममध्ये त्याच्या फिसिकेलाने सर्वांत पुढची जागा पटकावली आणि शर्यतीत एका सेकंदाहून कमी अंतराने तो दुसरा आला. २०१६ व २०१७ मध्ये संघ चौथा होता. आणि २०१८ साली? पैशाअभावी त्याचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. धावपट्टीवर तो हरला नव्हता. हरला तो हिशेबाच्या वहीत.

इथे मला कै. खाशाबा जाधव आठवतात. १९४८ साली लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात उतरून त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगटाने त्यांना मॅटवर बरोबरीची जोड दिली, यात शंका नाही. पण त्या मॅटपर्यंत त्यांना नेले कोणी? आमच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये दिले, तेव्हा ते हेलसिंकीला पोहोचले. आखाड्यातली समता नियम देतो. आखाड्याच्या दारापर्यंतची वाट मात्र त्याने आखलेली नसते.

आपल्या कोल्हापुरातच पाहा. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या शर्यती झाल्या आहेत. रोटॅक्स मॅक्स प्रकारात सर्वांचे इंजिन एकाच घडणीचे आणि सीलबंद. कोणी चोरून हेड घासायला नको. मुलगा वजनाने हलका असेल तर कार्टला जादा वजन बांधून भरपाई करावी लागते. तराजू अगदी चोख! पण कार्टचा, टायरांचा आणि प्रवासाचा खर्च ज्याला पेलत नाही, तो त्या तराजूत बसतच नाही.

ही गोष्ट वरच्या पातळीवरही आता उमजू लागली आहे. २०२१ पासून संघांच्या खर्चाला आणि २०२३ पासून इंजिन घडवणाऱ्यांच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे. २०२६ च्या नियमांत कॉम्प्रेशन १८ वरून १६ वर आणले, धुराड्याच्या उष्णतेतून वीज करणारे महागडे यंत्र काढून टाकले आणि इंजिनात मागे पडलेल्या कारखान्याला सुधारणेची जादा संधी ठेवली. ऑडीसारखा नवा इंजिनकर्ता या वेळी आखाड्यात आला, त्याचे एक कारण हे नियमच.

तेव्हा त्या मुलाला माझे उत्तर असे. बाबा रे, नियमाने सर्वजण सारखे होत नाहीत. आधी तयारी करणारा पुढे राहणारच आणि राहावाही. पण नियम चांगला की वाईट, हे पाहायची एक खूण आहे. लिटर किती ते नंतर बघ. आधी हे बघ की त्या नियमाखाली वखारीतल्या शेडला आत यायला दार आहे का. टिरेलला ते दार होते. तुझ्या वडिलांच्या वर्कशॉपला ते असेल का, हा प्रश्न फॉर्म्युला वनचा नाही. तो आपला आहे, आणि खर्डेकरांनी त्याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे.