पर्यायी वाटेचा ताळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते या शाळेत गणित शिकवीत. उत्तर बरोबर आले तरी ‘ताळा केलास का?’ हा त्यांचा प्रश्न ठरलेला असे. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक आज संगणकांच्या जाळ्याविषयी बोलणार, याचे आपणास नवल वाटेल. पण त्या प्रश्नाची आठवण मला अशाच एका जाळ्याने करून दिली.

काही वर्षांपूर्वी इंदुरातील एका संस्थेत माझे व्याख्यान होते. मी मुख्य सभागृहात होतो. आवारातल्या दुसऱ्या दोन इमारतींतील विद्यार्थी मला पडद्यावर पाहत होते. दहाव्या मिनिटाला माळ्याच्या कुदळीने जमिनीखालची केबल तुटली. वेगळ्या वाटेने टाकलेली दुसरी केबल होतीच. जाळ्याने काही क्षणांत तिचा आश्रय घेतला. कार्यालयातले संगणक चालू, ई-मेल चालू. माझे चित्र आणि आवाज तेवढे त्या दोन दालनांत पोहोचेनात. मला याचा पत्ताच नव्हता. पुढची चाळीस मिनिटे मी रंगून बोलत होतो!

लोकांनी आधी प्रोजेक्टरला दोष दिला, मग ध्वनिवर्धकाला. अखेर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याला पाचारण झाले. तो जाळ्यांची देखभाल करतो. मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि त्या तासाभरात तो शिक्षक झाला, मी विद्यार्थी.

असे चित्र ज्या पद्धतीने पाठवितात तिला मल्टिकास्ट म्हणतात. प्रतिशब्द शोधणे ही माझी जुनी खोड. परंतु ‘प्रक्षेपण’ म्हणावे तर ते सर्वांसाठी असते, आणि ‘बहुप्रेषण’ जिभेला जड जाते. शब्द तसाच ठेवू. कल्पना मात्र आपल्या घरातली आहे. पत्र एकाच्या नावाने जाते, दवंडी साऱ्या गावासाठी असते; मासिक फक्त वर्गणीदारांना मिळते. पुण्याहून इंदूरच्या शंभर वर्गणीदारांसाठी एकच अंक निघावा आणि इंदूरच्या टपाल कचेरीत त्याच्या शंभर प्रती व्हाव्यात, असे हे तंत्र आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन डीअरिंग यांनी त्याचे नियम १९८९ साली मांडले. वर्गणीदाराने आपली इच्छा कळवायची. राउटर ती निरोपानिरोपी उगमापर्यंत पोहोचवितात आणि त्या वाटेने उलट चित्र वाहू लागते.

यात एक चमत्कारिक वाटणारी अट आहे. पुण्याला जाण्याची आपली वाट खांडव्यावरून असेल, तर पुण्याचे मासिकही खांडव्याच्याच बाजूने आले पाहिजे. उज्जैनच्या बाजूने आलेला गठ्ठा पोस्टमास्तर न उघडता फेकून देतो. का? तर प्रती जाळ्यात गोल गोल फिरत वाढत जाऊ नयेत म्हणून. तो फेकतो, आणि पाठविणाऱ्याला कळवीतही नाही. या मौनामुळेच असला बिघाड सापडायला कठीण.

माझ्या विद्यार्थ्याने म्हणून उगमापासून सुरुवात केलीच नाही. तो पडद्यापासून मागे निघाला. ‘सर, आधी पाहायचे, मागणी नोंदली गेली आहे का?’ नोंदली होती. ‘आता या राउटरला विचारू, उगमाकडे तू कोणत्या वाटेने जातोस?’ उत्तर आले, दुसऱ्या केबलने. हेही बरोबर. ‘त्या वाटेवर मल्टिकास्टची बोली जाणणारा शेजारी तुला दिसतो का?’ या प्रश्नाला यादी रिकामी आली. पहिली केबल जोडताना ती बोली दोन्ही टोकांना चालू केली होती. पुढे दुसरी केबल आली तेव्हा ती राहून गेली. साधा पत्रव्यवहार वळला, मासिकाची मागणी पुढे जाईना. दुरुस्ती म्हणजे दोन्ही टोकांना एकेक ओळ लिहिणे, एवढीच!

हा दोष लहान आवारापुरता नाही, असे तो म्हणाला, आणि त्याने २४ फेब्रुवारी २०२१ची आठवण दिली. त्या दिवशी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार पावणेबाराच्या सुमारास थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. बिघाड मल्टिकास्टचा नव्हता, पण जातकुळी तीच. जोडण्या दोन स्वतंत्र कंपन्यांच्या होत्या. दोन्हींत एकाच वेळी अडथळा आला. दोन ठिकाणांमधल्या रस्त्यावरचे खोदकाम हे त्याचे मुख्य कारण होते, असे बाजाराने पुढे सांगितले. कुदळीला प्रतिष्ठा कळत नाही. जोडण्या तुटल्या तरी माहितीच्या साठ्याला धक्का लागू नये अशी मूळ रचना होती. प्रत्यक्षात साठाच हाती येईना, आणि जोखमीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बंद पडली. कागदावर वाटा दोन होत्या. त्या दोन्ही कुठे एकत्र येतात आणि एक तुटल्यावर दुसरीवरून नेमके काय काय चालते, हे तोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. असे पाहण्याला धैर्य लागते, कारण चालू असलेली गोष्ट स्वतःच्या हाताने बंद करावी लागते. ते करायला माणूस कचरतो. केले आणि काही बिघडले तर जाब त्यालाच विचारतात.

महिन्याभराने त्याच संस्थेत मी तेच व्याख्यान पुन्हा दिले. सुरू करण्यापूर्वी माझ्या विद्यार्थ्याने मला यंत्रांच्या खोलीत नेले आणि पहिली केबल काढायला सांगितली. माझा हात थोडा थरथरला. दूरच्या दालनातला पडदा चार-पाच सेकंद गोठला, मग त्यावरची रिकामी खुर्ची पुन्हा हलू लागली. कोणी तरी ती माझ्यासाठी पुसत होते.