मालकी आणि उसनवारी : एका यंत्रभाषेचा परिचय

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या महोत्सवात भाषेविषयी बोलावे, असा चिटणिसांचा आग्रह होता. आम्ही भाषेविषयीच बोलणार आहोत. मात्र ही भाषा संगणकाची आहे. तिचे नाव 'रस्ट'. पन्नाशी उलटल्यावर ती शिकण्याची पाळी आमच्यावर का आली, ते आधी सांगतो.

एका कार्यालयासाठी आम्ही सी भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला होता. रोज रात्री लाखो नोंदी वाचून खातेवार बेरीज करणे, हे त्याचे काम. ते लवकर उरकावे म्हणून आम्ही ते एकाच वेळी चालणाऱ्या चार शाखांत वाटून दिले. वेग वाढला, पण अधूनमधून एखाद्या बेरजेतून चारदोन नोंदी गळू लागल्या. दोन शाखा एकाच क्षणी एकाच जागी आकडा लिहीत आणि एकीचे लिखाण दुसरीखाली पुसले जाई. पुन्हा चालवून पाहावे, तर उत्तर बरोबर! चूक सापडेपर्यंत तीन महिने गेले. त्या नोंदी म्हणजे कुणाकुणाच्या कष्टाचे पैसे होते. दोष यंत्राचा नव्हता, आमचाच होता. तो आजही मनाला बोचतो.

रस्टचा उगमही अशाच वैतागात आहे. २००६ साली व्हँकुव्हर येथे ग्रेडन होअर यांच्या इमारतीची लिफ्ट प्रोग्रॅममधील दोषामुळे बंद पडे आणि त्यांना २१ मजले चढावे लागत. त्यांनी फावल्या वेळात ही भाषा रचावयास घेतली. पुढे २००९ मध्ये मोझिला संस्थेने तिला आश्रय दिला आणि मे २०१५ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही तिचा प्रवेश झाला.

तिचे मर्म आपल्या वाचनालयाच्या उदाहरणाने सांगता येईल. मंडळाचा एखादा ग्रंथ टेबलावर उघडा असेल, तर चौघांनी मिळून तो वाचण्यास हरकत नाही. पण ज्याला त्यात दुरुस्ती करावयाची आहे, त्याच्या हाती तो एकट्याच्याच असला पाहिजे. त्या वेळी इतरांनी वाचावयाचेही नाही. रस्टमध्ये प्रत्येक माहितीला एकच मालक असतो. इतरांनी ती उसनी घ्यावयाची ती याच नियमाने. मालकाचे काम संपले की स्मृतीतील जागा आपोआप मोकळी होते. त्यासाठी वेगळा झाडूवाला नेमावा लागत नाही, म्हणून वेग सीच्या तोडीचा राहतो. नियम मोडला तर कंपायलर प्रोग्रॅम चालूच देत नाही.

पहिला महिनाभर त्याने आमचे लिखाण सारखे परत केले. व्याकरणाच्या कडक मास्तरांची आठवण झाली! मग एके दिवशी तो जुना प्रोग्रॅम आम्ही मुद्दाम तसाच रस्टमध्ये लिहिला. कंपायलरने नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवले. जे तीन महिन्यांत उमगले, ते काही क्षणांत समोर आले. आता प्रत्येक शाखा आपली बेरीज वेगळी ठेवते आणि शेवटी त्या एकत्र होतात.

विपुल माहितीच्या कामी आणखी एक युक्ती आहे. वर्गणीच्या वहीत नाव, पत्ता, रक्कम असे रकाने असतात. बेरजेसाठी पत्ते वाचण्याचे कारण काय? माहिती ओळीओळीने न ठेवता रकान्यांनी ठेवली, तर हवा तो रकानाच सलग वाचता येतो. २०२० मध्ये सुरू झालेले 'पोलर्स' हे रस्टमधील साधन याच तत्त्वावर चालते.

अर्थात, वजाबाकीच्या जागी बेरीज लिहिली तर रस्टही वाचवू शकत नाही. हिशेबाची जबाबदारी अखेर लिहिणाऱ्याचीच.

ज्यांना शिकावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी वाचनालयात यावे. आमच्याहून अधिक जाणणारी मुले मंडळात आहेत. त्यांच्यापुढे आम्हीही वही घेऊन बसतो.